पिकले तेथेच विकले

'पिकते तेथे विकत नाही' ही म्हण आपल्या बुऱ्हाणपूर-लालबागच्या परिसरातील कोणत्याही केळी-बागायतदाराला समजावून सांगण्याची गरज नाही. बागेत घड कापले जातात, ट्रक भरले जातात, आणि आपली केळी दूरदूरच्या बाजारांत मान मिळवितात; गावात मात्र त्यांचे कोणाला अप्रूप नसते. माणसांच्या गुणांचेही पुष्कळदा असेच होते. खुद्द प्रभू येशू आपल्या नाझरेथ गावी गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्याकडे केवळ सुताराचा मुलगा म्हणून पाहिले. आणि संदेष्ट्याचा मान राखला जात नाही तो त्याच्या स्वतःच्याच गावात, हे कटू सत्य प्रभूंना बोलून दाखवावे लागले.

परंतु या नियमाला क्वचित एखादा अपवाद घडतो, आणि तो घडला म्हणजे त्याचे मर्म शोधावेसे वाटते. १९८४ साली गोव्यात असाच एक अपवाद घडला. बारदेश तालुक्यातील शिवोली गावच्या एका तरुणाने स्वतः रचलेली, स्वतः चाली लावलेली व स्वतःच गायिलेली गीते आपल्या राहत्या घरी ध्वनिमुद्रित केली, त्यांच्या कॅसेटी तयार करविल्या, आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवरून त्या दुकानादुकानांत नेऊन पोहोचविल्या. त्या गीतसंचाचे नाव होते 'गोअन क्रेझी', आणि त्या तरुणाचे नाव रेमो फर्नांडिस. पुढे हेच रेमो हिंदी चित्रपटांतून देशभर ऐकले गेले. २००७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब दिला. परंतु आज आम्हांला त्यांच्या कीर्तीचा नव्हे, तर त्या पहिल्या कॅसेटीचा विचार करावयाचा आहे. जी गीते मोठ्या शहरातील कंपन्यांना नको होती, ती गावच्या लोकांना का हवीशी वाटली?

कोणी विचारील, गोव्याच्या एका गायकाची ही जुनी हकीकत लालबागच्या कुटुंबांना कशासाठी? तर ती अशासाठी. आमच्याकडे अधूनमधून एखादे वडील तक्रार घेऊन येतात: "फादर, मुलाने गिटार घेतली आहे. दिवसभर तेच. देवळात गायचे म्हटले, तरी त्याला आपली जुनी गाणी नकोत." आणि थोड्याच दिवसांनी तोच मुलगा येऊन सांगतो, "फादर, घरी मला वाजवू देत नाहीत. म्हणतात, हे आपले नव्हे." आपले काय आणि परके काय, हा वाद आज अनेक घरांत पेटलेला आहे, आणि बाप-लेक भांडत असता, घराच्या कोपऱ्यात बसलेल्या आजीची गाणी मात्र कोणीच ऐकत नाही. त्या वादात बोलण्यापूर्वी ही गोव्याची हकीकत नीट समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

ज्या मातीत हे रोप उगवले

गोव्यातील ख्रिस्ती घरांत संगीत आले ते मुख्यत्वे देवळाच्या वाटेने. पोर्तुगीज अमदानीत धर्मग्रामांतून ज्या शाळा चालत, त्यांत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी वाचावयास शिकवीत. हे काम करणाऱ्या शिक्षकाला 'मेस्त' म्हणत. तो मुलांकडून सा-रे-ग-मप्रमाणेच पाश्चात्त्य स्वर घोटून घेई, हाती व्हायोलिन देई, आणि रविवारी गायनवृंद उभा करी. गावातील क्रुसाजवळ लदीन असले म्हणजे व्हायोलिन आलेच. शेतकऱ्याचा मुलगाही कागदावरील स्वर पाहून गाऊ शके, ही त्या शाळांची देणगी होय.

परंतु देवळाबाहेर याच लोकांच्या ओठी दुसरेही संगीत होते. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती घरांतून मांडो हा गीतप्रकार बहरला. कोकणी शब्द, संथ लय, आणि विरहाची वा प्रीतीची करुण छटा हे त्याचे रूप. त्याच्या पाठोपाठ जलद लयीची दुलपदे म्हणत. देखणी हे नृत्यगीत निराळेच. मांडोच्या साथीला व्हायोलिन असे, आणि तिच्याशेजारी घुमटही असे. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडे ताणून केलेले वाद्य. पूर्वी त्यास घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने घोरपडीस अभय मिळाल्यावर बकरीचे कातडे वापरात आले. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला. युरोपातील व्हायोलिन आणि कुंभाराच्या आव्यातील मडके अशी ही दोन वाद्ये एकाच अंगणात, एकाच गीताला साथ देत होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण पुढे येणाऱ्या सर्व गोष्टीचे बीज तेथेच आहे.

पोटापाण्यासाठी गोव्याचे वादक मुंबईस गेले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. किती तरी लोकप्रिय गीतांची वाद्यरचना त्यांच्या हातची आहे. पण पडद्यावर त्यांची नावे क्वचितच झळकली. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील ज्या गीताने हे नाव घरोघरी पोहोचविले, ते संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या या व्हायोलिन-गुरूंना दिलेली मानवंदना होती. गाणे सर्वांस ठाऊक झाले. परंतु ज्यांचे नाव गाण्यात आले ते गुरू कोण, हे फारच थोड्यांना माहीत होते. गोव्याचे संगीत देशभर वाजत होते; गोव्याचा माणूस मात्र त्यामागे दडलेला होता.

शिवोलीचा मुलगा

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी झाला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. म्हणजे त्यांच्या बालपणाच्या एका टोकाला पोर्तुगीज गीते व मांडो, आणि दुसऱ्या टोकाला आकाशवाणीवरील हिंदी गाणी. त्यांत परदेशातून येणाऱ्या नातलगांबरोबर रॉक-संगीताच्या तबकड्याही घरी आल्या, आणि एल्विस प्रेस्ली व बीटल्स यांचा नाद या मुलास लागला. शाळेत असतानाच त्यांनी सोबत्यांसह वाद्यवृंद काढला.

पुढे मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात त्यांनी वास्तुशिल्पाचे शिक्षण घेतले. त्याच काळात 'द सॅव्हेजेस' या मुंबईतील रॉक-वाद्यवृंदात ते गात-वाजवीत. शिक्षणाला साजेशी नोकरी धरून ते स्वस्थ बसू शकले असते. तसे न करता सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ते युरोप व उत्तर आफ्रिका येथे भटकंतीस निघाले. वाटेने भेटेल त्या वाहनात बसावे, गावोगावी गावे, पुढे जावे, असा तो प्रवास होता. आमच्या वाचक मातापित्यांच्या मनात येथे काय येत असेल, हे आम्ही ओळखतो. शिकल्यासवरलेल्या मुलाने असे रस्तोरस्ती हिंडावे, हे कोणत्या आईबापास रुचेल? आम्हीही प्रत्येक तरुणाने तसेच करावे असे म्हणत नाही. सांगण्यासारखी गोष्ट एवढीच, की इतके जग पाहून हा तरुण अखेर परत आला तो आपल्या गावी, आणि त्याने गायिले तेही आपल्याच गावाविषयी.

चार पट्ट्या आणि एक माणूस

परतल्यावर रेमो आपली गीते घेऊन ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांकडे गेले, आणि त्यांना नकार मिळाला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहू जाता यात नवल नव्हते. त्या काळी आपल्या देशात खप होता तो चित्रपटगीतांचा. कोण्या अनोळखी तरुणाने गोव्याविषयी रचलेली इंग्रजी गीते कोण विकत घेणार? पण नकार मिळालेल्या माणसापुढे दोन वाटा असतात: एक कुरकुरत बसण्याची, व दुसरी आपल्या हातांकडे पाहण्याची. रेमो यांनी दुसरी धरली.

येथे त्यांच्या मदतीस आले एक लहानसे यंत्र. त्याची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण ती समजल्याखेरीज त्या श्रमांची कल्पना येणार नाही. फिलिप्स कंपनीने १९६३ साली जगापुढे आणलेल्या कॅसेटच्या फितीवर, साध्या स्टीरिओ मुद्रणात, चार अरुंद पट्ट्या असतात. दोन एका बाजूच्या व दोन दुसऱ्या बाजूच्या. आपण कॅसेट उलटून लावीत असू ती याचसाठी. १९७९ साली टीॲक या जपानी कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' नावाचे यंत्र काढले. ते या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरी, आणि आवाज स्वच्छ यावा म्हणून फीत दुप्पट वेगाने फिरवी. मग पहिल्या पट्टीवर गिटार वाजवून घ्यावी. ती ऐकत ऐकत दुसरीवर ताल भरावा. ती दोन्ही ऐकत तिसरीवर बासरी. आणि चौथीवर आपला गळा. पट्ट्या अपुऱ्या पडल्या, तर तिहींवरील आवाज एकत्र करून चौथीवर उतरवावेत, की पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या. मात्र एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. आणि प्रत्येक उतरवणीबरोबर फितीची खरखर वाढत जाते. म्हणून पुढचे सारे आधीच मनात पक्के हवे.

अशा यंत्रावर रेमो यांनी 'गोअन क्रेझी'ची सर्व वाद्ये एकट्याने वाजविली आणि सर्व आवाज एकट्याने गायिले. गीतांची रचना त्यांची, आवाजांची सरमिसळ त्यांची, वेष्टनावरील चित्रही त्यांच्याच हातचे. मोठ्या मुद्रणगृहात ज्या कामासाठी दहा-वीस माणसे राबतात, ते शिवोलीच्या एका घरात एकाच माणसाने केले. आणि माल तयार झाल्यावर त्याने त्यासाठी दलाल शोधला नाही. स्कूटरला किल्ली लावली. बुऱ्हाणपूरच्या विणकर-वस्तीत ज्यांनी आपले बालपण घालविले आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. घरातच माग, घरातच माल, आणि बाजारापर्यंत तो पोहोचविणाराही घरचाच.

लोकांना काय आवडले?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या कॅसेटीत असे काय होते?

आमच्या मते पहिली गोष्ट अशी, की गोव्याच्या माणसाने आपले स्वतःचे रूप स्वतःच्याच माणसाच्या तोंडून ऐकले. तोवर त्याचे चित्र काढीत आले होते ते इतर लोक. हिंदी चित्रपटांत गोव्याचा ख्रिस्ती म्हणजे बहुधा दारूची बाटली घेऊन झुलणारा, मोडके हिंदी बोलणारा, हसण्यापुरता आणलेला इसम. दुसरीकडे, साठीच्या दशकाच्या अखेरीपासून किनाऱ्यावर येऊ लागलेल्या परदेशी हिप्पींनी व त्यांच्यामागून आलेल्या पर्यटकांनी गोव्याचे आणखी एक चित्र जगभर पसरविले; त्यात समुद्र होता, वाळू होती, स्वैरता होती, पण शेतात राबणारा, लदिनीत गाणारा, घरपट्टी भरणारा गोवेकर नव्हता. 'गोअन क्रेझी' या नावातच कोटी आहे. इंग्रजीत 'गोइंग क्रेझी' म्हणजे वेड लागणे. त्यातील पहिला शब्द किंचित बदलला की 'गोव्याचा' असा अर्थ होतो. आपल्या माणसांची ही थट्टा घरच्याच माणसाने केलेली होती. थट्टा परक्याने केली तर ती बोचते. घरच्याने केली तर घरभर हशा पिकतो, आणि हसता हसता माणूस आरशात पाहू लागतो.

रेमो यांच्या त्या दशकातील गीतांचे विषय पाहिले तरी हे ध्यानात येते. टेलिफोनच्या कारभाराला कंटाळून त्यांनी टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनाच उद्देशून एक विनोदी गीत रचले. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यास आले, तेव्हा गोव्याचे गाऱ्हाणे सांगणारे गीत त्यांच्यासमोरच म्हटले. १९८६ च्या 'पॅक दॅट स्मॅक' या गीतसंचाने, किनाऱ्यावर पसरणाऱ्या हेरॉइनच्या व्यसनावर उघड प्रहार केला. बंद पडलेला टेलिफोन, सरकार-दरबार, शेजारच्या मुलास लागलेले व्यसन, हे काही काव्याचे परंपरागत विषय नव्हेत. पण रोज जे डोळ्यांसमोर घडते, ते कोणीतरी गाण्यात घातले की ऐकणाऱ्यास वाटते, 'अरे, हे तर आपलेच!'

दुसरी गोष्ट चालींची. गिटारीचा रॉक आणि गोव्याचा ताल यांचा जो मेळ रेमो यांनी घातला, तो ओढूनताणून आणलेला नव्हता. ज्या अंगणात व्हायोलिन आणि घुमट पिढ्यान्‌पिढ्या एकत्र वाजत आले, तेथे गिटार हा तिसरा पाहुणा येऊन बसला एवढेच. ऐकणाऱ्याचा कान त्यासाठी आधीच तयार होता.

तिसरी गोष्ट माणसाची. ही गीते कोण्या दूरच्या नटाची नव्हती. स्कूटरवरून येणारा, दुकानात उभे राहून कॅसेटींचा हिशेब करणारा हा मनुष्य उद्या रस्त्यात भेटण्याजोगा होता. 'हा करू शकतो, तर आमच्या गावचा पोरगा का नाही?' हा विचार गाण्याइतकाच मोलाचा आहे.

येथे एक आक्षेप येईल, व तो योग्य आहे. गीते जर इंग्रजीत होती, तर त्यांत 'आपले' काय राहिले? आमचे उत्तर असे. ज्या भाषेत तो तरुण शिकला, त्या भाषेने त्याने आरंभ केला; परंतु तेथेच तो थांबला नाही. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, त्यांचा दुसरा गीतसंच आला: 'ओल्ड गोअन गोल्ड', म्हणजे गोव्याचे जुने सोने. वाडवडिलांच्या ओठांवरील जुनी गोमंतकीय गीते त्यांनी नव्या वाद्यमेळात बसविली. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' हा, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दिवसांतील गोव्यावरील चित्रपट आला. त्यातही रेमो यांनी गायन व अभिनय केला. गिटारीच्या नादाने जो मुलगा घरापासून दूर गेलासा वाटत होता, तो त्याच गिटारीच्या वाटेने आजीच्या गाण्यापाशी परत आला. परके वाद्य हाती घेतल्याने आपले गाणे सुटतेच, असे नाही. किंबहुना कधी कधी ते वाद्यच त्याकडे परत नेते.

सातपुड्याखालचे पाणी

जगात अन्यत्रही असेच घडले आहे. अमेरिकेतील बॉब डिलन या गायकाचा पहिला गीतसंच मार्च १९६२ मध्ये निघाला. त्यातील १३ गीतांपैकी त्यांची स्वतःची केवळ २ होती. बाकीची बहुतेक जुनी लोकगीते, निग्रो मजुरांची व डोंगराळ मुलखातील लोकांची. पहिल्या वर्षी त्याच्या सुमारे ५००० प्रती खपल्या, आणि कंपनीतील लोक तो फसलेला व्यवहार म्हणून हसले. १९६५ च्या सुमारास लोकगीत आणि विजेवरची गिटार यांच्या मेळाला 'फोक-रॉक' हे नाव पडले, आणि डिलन त्याचे अग्रणी ठरले. २०१६ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याने आधी जुन्यांची गाणी मनापासून घोकली, त्यालाच पुढे स्वतःचे गाणे सुचले, हा त्यातील धडा.

पण अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. भुसावळच्या पलीकडे, जळगावजवळील आसोदे हे बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. अक्षरओळख नसलेली ही शेतकरी स्त्री जात्यावर दळताना, शेतात खपताना ओव्या रचून गाई. तिचे पुत्र सोपानदेव यांनी व घरातील मुलांनी त्या टिपून ठेवल्या म्हणून त्या वाचल्या. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने त्यांच्या कविता पुस्तकरूपाने निघाल्या. ज्या ओव्यांनी सारा महाराष्ट्र थक्क झाला, त्यांचे पुस्तक स्वतः त्या माउलीने कधी पाहिले नाही. आणि कोणी टिपूनच ठेवल्या नसत्या तर? खानदेशात व निमाडात अशा किती माउल्या आपली गाणी बरोबर घेऊनच गेल्या असतील, याचा विचार मनास चटका लावतो.

लालबागच्या रहिवाशांना कुंडी भंडाऱ्याविषयी काय सांगावे! सुमारे १६१५ साली, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, ही जलयोजना सिद्ध झाली. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. तो भूमिगत बोगद्यांत झिरपतो, आणि केवळ उताराच्या बळावर शहराकडे वाहतो. वाटेत शंभराहून अधिक कुंड्या खोदल्या आहेत, त्यांतून हवा आत जाते व पाणी वर काढता येते. वरून पाहणाऱ्यास कोरडी जमीन दिसते. खाली मात्र पाणी चालूच असते. समाजाची जुनी गाणी अशीच वाहत असतात. गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने हुकूम काढून स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली; तरी कोकणी गीत आटले नाही. ते भूमीखाली गेले, आणि दोन शतकांनी मांडोच्या रूपाने वर आले. पाणी नवे लागत नाही. नवी कुंडी मात्र प्रत्येक पिढीने खोदावी लागते, आणि जुन्या कुंड्यांतील गाळ उपसावा लागतो.

योगायोग असा, की कुंडी भंडाऱ्याच्या पाठोपाठच, १६१६ साली, गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. हे येशूसंघीय धर्मगुरू जन्माने इंग्रज. परंतु तारणाची कथा त्यांनी सांगितली ती मराठी ओवीत, सुमारे ११,००० ओव्यांत. पाश्चात्त्य देशातून आलेल्या माणसाने आपला छंद उचलला, आणि आपल्याकडील रेमो यांनी पाश्चात्त्य गिटार उचलली. दोघांनीही ऐकणाऱ्याच्या अंगणात जाऊनच गायिले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान द्यावा, असेच सांगितले आहे. स्टीफन्स यांनी ते साडेतीनशे वर्षे आधी आचरून दाखविले होते.

आपल्या घरात

आता बाप-लेकाच्या त्या वादाकडे येऊ.

वडिलांना आमचे सांगणे असे, की गिटार हे केवळ लाकूड व तारा आहेत. तिच्यावर काय वाजवावयाचे हे ज्याच्या हाती ती आहे त्याच्या संस्कारांवर ठरते. अभ्यासाची वेळ, झोपेची वेळ, शेजाऱ्यांची सोय या मर्यादा जरूर घाला. परंतु 'हे आपले नव्हे' असे म्हणण्यापूर्वी आठवा, की आज आपण ज्या पेटीवर भजने म्हणतो, ती पेटीही युरोपातूनच आली.

मुलांना आमचे सांगणे याहून कठोर आहे. रेमो यांचे नाव सांगून अभ्यास टाकू नका. त्यांनी वास्तुशिल्पाचे शिक्षण घेतले होते, आणि त्या कॅसेटीमागे कित्येक वर्षांचा रियाझ होता. परक्यांची गाणी जशीच्या तशी वाजविणे हा आरंभ असू शकतो. तोच शेवट झाला, तर तुम्ही केवळ दुसऱ्याचा आवाज मोठा करणारे भोंगे ठराल. तुमच्या अवतीभवती काय नाही? मागांचा खडखडाट, केळीच्या बागा, रात्री धडधडत जाणाऱ्या आगगाड्या, कामासाठी परगावी गेलेले भाऊ. यावर गाणे कोण करणार? ते मुंबईहून येणार नाही.

आणि दोघांनाही मिळून करण्याजोगे एक काम आम्ही सुचवितो. रेमो यांना जे यंत्र मिळविण्यासाठी धडपडावे लागले असेल, त्याहून समर्थ यंत्र आज घरोघरी मोबाइलच्या रूपाने खिशात आहे. एखाद्या रविवारी दुपारी आजीजवळ बसा. तिची परवानगी घ्या. पंखा व टीव्ही बंद करा. आधी तिचे नाव, माहेरचे गाव व तारीख बोलून घ्या. मग एका वेळी एकच गाणे. ते हळदीचे, पाळण्याचे की जात्यावरचे, कोणाकडून शिकली, हेही विचारा. शब्द वहीत उतरवा, आणि मोबाइल हरवला वा बिघडला तर सारे जाऊ नये म्हणून एक प्रत दुसरीकडे ठेवा. ओव्या मराठी असोत, अहिराणी असोत वा निमाडी; आजी ज्या बोलीत गाते ती बोली सुधारून घेऊ नका. मग गिटार वाजविणाऱ्या नातवाने त्यांपैकी एक चाल बसवून पाहावी, आणि चुकले तर आजीने त्यास टोकावे. त्या एका दुपारी नातवाला जे मिळेल, ते कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही. आणि आजीला वाटेल, की आपले गाणे अजून कोणाला तरी हवे आहे.

हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नये. बहिणाबाईंच्या घरी ऐकणारे कान होते म्हणून आपल्याला त्या मिळाल्या. आपल्या घरी गाणारा आवाज अजून आहे. कान मात्र आपण आहोत.

पिकते ते कोठे विकावे, हे बाजार ठरवितो. पण पिकले तेथल्या माणसांनी आधी त्याची चव घ्यावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.